औषधी गांजाला परवाना मिळतो का?

रावेरकर: कापूस परवडत नाही. औषधासाठी गांजा लावता येईल का? आयुर्वेदात विजया (भांगेची पानं) चालतेच ना?

तापीकाठ: भाऊ, घाई नको. 1985च्या एनडीपीएस (अंमली पदार्थांच्या) कायद्यात परवान्याची तरतूद आहे, पण विनापरवाना लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. कपाशीत दडवलेली चार झाडंही लागवडच. 1 किलोपर्यंतची ‘अल्प मात्रा’ म्हणजे सूट नव्हे; शिक्षा तेवढी कमी. उत्तराखंडात तंतू-बियांच्या भांगेला परवाने आहेत, टीएचसी (नशा आणणारा घटक) 0.3 टक्क्यांच्या आत. फुलोरा जून झाला की टीएचसी चढतं, तपासणीचा नमुना उशिरा गेला की पीक बाद.

धुळे-फार्मसी: गांजा म्हणजे फुलांचे शेंडे. नुसती पानं त्या व्याख्येत नाहीत, म्हणून विजया चालते. तीही वैद्याच्या देखरेखीखाली. अपस्मारावरचं (फिट्सवरचं) शुद्ध सीबीडी, म्हणजे याच झाडातला नशा न आणणारा घटक, अमेरिकेत 2018 साली मान्य झालं: सुरुवात रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे 2.5 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. सोबत व्हॅल्प्रोएट (फिट्सचंच दुसरं औषध) असेल तर यकृताची तपासणी हवीच. चिलमीत कसला आलाय डोस!

शिरपूर_1: मग कॅनडासारखी मौजेसाठीही मोकळीक?

धुळे-फार्मसी: तो वेगळा वाद. तिथंही सार्वजनिक ठिकाणी 30 ग्रॅमची मर्यादा आहेच.