कुश राजा पिये याच्याबद्दल कुणी नीट सांगेल का?

पंचवटीकर:
पांडवलेण्यात ३ नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीने मुलाचे म्हणजे सातकर्णीचे पराक्रम कोरून घेतलेत, ते बघितल्यापासून डोक्यात आहे की सुदानमधल्या प्राचीन कुश राज्याच्या राजांचं असं स्वतःच्या बाजूने लिहिलेलं काही आहे का? पियेचं नाव सारखं येतं.

गंगापूररोड_इतिहास:
आहे ना, आणि जबरदस्त आहे! पिये इ.स.पू. ८व्या शतकातला, गादी नपाताला. तिथल्या जेबेल बरकल डोंगराजवळच्या अमुन देवाच्या मंदिरात त्याचा विजयलेख १८६२ साली सापडला, आता कैरोत आहे. उत्तरेत इजिप्तमध्ये साईस शहराचा तेफनख्त एकेक शहर घेत सुटला, हर्मोपोलिस शहराचा राजा नामलोत पण त्यालाच जाऊन मिळाला, मग पिये स्वतः फौज घेऊन उतरला आणि हर्मोपोलिसला वेढा घातला. शहर पडल्यावर तो तबेल्यात गेला, घोडे उपाशी बघून इतका भडकला की नामलोतच्या बाकी सगळ्या गुन्ह्यांपेक्षा हेच जास्त लागलं असं कोरून ठेवलंय. मला तर हा माणूस तिथेच आवडला. पुढे मेम्फिस शहर बंदराच्या बाजूने, जहाजं वापरून घेतलं.

सिडकोवाला:
शेवटचा भाग पण वाचा. शरण आलेल्या राजांपैकी फक्त नामलोतला राजवाड्यात घेतलं, बाकीचे मासे खाणारे म्हणून बाहेरच! सोवळं किती कडक बघा.

पंचवटीकर:
भारी! आणि मग तो इजिप्तमध्येच राहिला का?

गंगापूररोड_इतिहास:
नाही, लूट जहाजांवर भरून परत नपाताला. पुरलाय अल कुर्रूला, वर पिरॅमिड पण आत कुशच्या जुन्या रितीप्रमाणे पलंगावर. तिथे घोड्यांची पण थडगी आहेत. नंतरचा राजा तहार्का त्याचाच मुलगा.