मागचं गेट, भुर्जीची गाडी आणि रात्री अडीचचं मार्केट

(वाशीतल्या एका सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप)

मंगळवार

जोशीकाका (बी-३०२), रात्री १:४७
आज पुन्हा तेच. मागच्या गेटसमोर भुर्जीच्या गाडीवर सात-आठ पोरं, दोन बाइक चालू ठेवलेल्या, आणि तव्यावर उलथन्याची ठणठण. गेल्या एजीएमला ठरलं होतं : *रात्री ११ नंतर मागचं गेट बंद.* सेक्रेटरीसाहेब, तो ठराव वहीत आहे की वहीसकट गेला?

प्रथमेश (सी-४०३), १:४९
काका, उद्या बोलूया ना 🙏

जोशीकाका, १:५०
उद्याच झालाय आता. आणि त्या घोळक्यात लाल टीशर्ट कोणाचा होता, ते बाल्कनीतून नीट दिसतं मला.

प्रथमेश, १:५१
हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

नाईकवहिनी (ए-२०१), पहाटे ५:३८
सुप्रभात 🌸 शांत मन हाच खरा दागिना. आपला दिवस आनंदात जावो.

जोशीकाका, ५:४१
वहिनी, शांत मनासाठी आधी झोप लागते.

सेक्रेटरी पाटील, ७:१५
सर्वांना नमस्कार. ठराव वहीत आहे. पण त्याच ठरावात पुढे "वॉचमन उपलब्ध असल्यास" असंही आहे. रात्रीच्या वॉचमनचे पैसे वाढवायचा विषय निघाला की ग्रुपवर सगळे मौनव्रत घेतात. असो.

कर्णिकमॅडम (डी-१०३), ७:२०
डी विंगच्या जिन्यातला दुसऱ्या मजल्यावरचा दिवा अजून लागलेला नाही.

ॲड. सावंत (सी-१०१), ८:०५
थोडं कायद्याचं. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आस्थापना चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी देतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनाने पुन्हा स्पष्ट केलं की दारू देणारी ठिकाणं सोडून बाकीच्यांना वेळेचं बंधन नाही. पण ही झाली दुकानांची गोष्ट. गाडीवाला येतो २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात. तो तिथे उभा राहू शकतो की नाही हे महापालिका ठरवणार, बी-३०२ नाही. आवाजाचं म्हणाल तर रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल.

जोशीकाका, ८:१२
पंचेचाळीस! मी मोबाइलवर मोजलं. काल रात्री बाल्कनीत ६१.

प्रथमेश, ८:१३
काका त्यातले निम्मे कुत्र्यांचे 😄

जोशीकाका, ८:१४
*रात्री ११ नंतर मागचं गेट बंद.* परत टाकतोय, काहींनी वाचलेलं दिसत नाही.

शेखसर (ए-३०१), ८:३०
पाटीलसाहेब, गाडीवाल्याशी मी बोलतो. ओळखीचा आहे. उलथनं जरा हळू आपट म्हणून सांगतो, ऐकेल. पण ठणठण नसेल तर गिऱ्हाइकाला कळणार कसं की भुर्जी होतेय, असं तो म्हणेल. आणि त्यात तथ्य आहे.

नाईकवहिनी, ८:४४
एवढ्या रात्री खायचंच कशाला म्हणते मी. आमच्याकडे साडेआठला ताटं पुसून होतात. नाव घेत नाही, पण काही फ्लॅट भाड्याने देताना विचार केला असता तर ही वेळ आली नसती.

मनाली (ए-१०४), ११:५०
नाव घ्या ना वहिनी. ए-१०४. मी ऐरोलीला रात्रपाळीत काम करते. आमचं जेवण म्हणजे रात्री दीडचा ब्रेक, कँटीनचा वाळलेला डोसा. कंपनीची कॅब मला तीन वाजता मागच्या गेटला सोडते, कारण पुढचं गेट लावून वॉचमनदादा झोपलेले असतात. कॅबचा गार्ड मी आत जाईपर्यंत थांबतो. त्या वेळी तिथे गाडीवर दिवा आणि चार माणसं असतात, याचं मला बरं वाटतं. काळोख असता तर जास्त भीती वाटली असती.

ॲड. सावंत, ११:५८
बरोबर. त्याच २०१७ च्या कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात महिलांना काम करायला मुभा आहे, त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था असेल तर. व्यवस्थेत गेटही आलंच.

नाईकवहिनी, दुपारी १२:३०
मी तुला नाही म्हटलं गं. सर्वसाधारण म्हटलं.

कर्णिकमॅडम, १२:३१
मनाली, तू कुठल्या जिन्याने जातेस? डी विंगमध्ये तर दिवाच नाही.

सेक्रेटरी पाटील, १२:४०
मॅडम, ती ए विंगला राहते. दिवा उद्या.

कर्णिकमॅडम, १२:४१
"उद्या" मागच्या मंगळवारीही होतं.

प्रथमेश, संध्याकाळी ६:१०
मला एवढंच म्हणायचंय की आम्ही रस्त्यावर दंगा करायला जात नाही. ही वाशी आहे, दहा वाजले की सगळं बंद. पाम बीच रोडने वाशी ते बेलापूर गाडी मारली तर खाडी आणि बिल्डिंगा दिसतात, चहाची एक टपरी नाही. उरतं काय? स्टेशनबाहेरच्या गाड्या, आणि हा आपला भुर्जीवाला. हाफ फ्रायला त्याचा हात कोणी धरू शकत नाही. खरडा घातलेली भुर्जी, चार पाव, वर कांदा.

जोशीकाका, ६:१४
पाकक्रिया पाठवू नये. गेटबद्दल बोला.

प्रथमेश, ६:१५
तेच बोलतोय. २०२४ च्या ऑक्टोबरपासून वाशीच्या नाक्यावर छोट्या गाड्यांचा टोल गेला, त्यामुळे आता मुंबईला जायला कोणी मागेपुढे बघत नाही. आम्हाला इथे काही मिळालं नाही तर आम्ही तिकडे जाऊ. मग रात्री दोनला फाटकाशी हॉर्न वाजवून वॉचमनला उठवू. कुठलं बरं?

सावंतवहिनी (सी-१०१), ६:२२
ही धमकी आहे का?

प्रथमेश, ६:२३
नाही काकू 🙏 भूक आहे.

शेखसर, ६:४०
मुंबईत कुठे जाता रे तुम्ही? ताजच्या मागे बडेमियाँ? बोनेटवर रुमाली रोटी पसरून कबाब खाल्लेत आम्ही कॉलेजात असताना.

प्रथमेश, ६:४२
तिथेच सर. आणि रमजानमध्ये मोहम्मद अली रोड. मागच्या वर्षी निहारी शोधत रात्री बाराला फिरलो, मिळाली पण मजा नाही आली.

शेखसर, ६:५५
बाराला निहारी खातो का कोणी! ती रात्रभर मंद आचेवर शिजते आणि पहाटे फजरच्या नमाजनंतर खायची. रात्रपाळी संपवून निघालेली माणसं, ओझी उचलणारे, त्यांचा हा नाश्ता. बोहरी मोहल्ल्यात बारा हंडी विकणारे आहेत, नळी आणि पाये, रात्रभर चुलीवर हंड्या. सकाळी लवकर गेलास तरच खरी चव. रमजानची गोष्ट वेगळी, तेव्हा मिनारा मशिदीची गल्ली रात्रभर जागी. मालपुवा घे, आणि मातीच्या सकोऱ्यातली फिरनी. तरुण आहेस, पचेल. मला आता डॉक्टरांनी बंदी केलीय.

म्हात्रेकाकू (बी-१०१), ७:०५
शेखसर, पुढच्या रमजानला मलापन न्या. बटाटवडा खाऊन तोंड मेलंय.

जोशीकाका, ७:०८
*रात्री ११ नंतर मागचं गेट बंद.* ही सहल योजना नाही.

ॲड. सावंत, ७:३०
मुंबईचं सांगतो. २०२० च्या जानेवारीच्या शेवटी मॉल आणि गिरण्यांच्या जागा रात्रभर उघड्या ठेवायला सुरुवात झाली. पेपरात मोठे मथळे. दोन महिन्यांत लॉकडाउन लागलं आणि दिवसासुद्धा बाहेर पडायची बंदी आली.

नाईकवहिनी, ७:३३
तेव्हा किती शांत होतं.

शेखसर, ७:३४
वहिनी, असं म्हणू नका.

नाईकवहिनी, ७:३५
म्हणजे आवाजाच्या बाबतीत म्हटलं. माझे दीर गेले त्यात.

(पुढे चाळीस मिनिटं कोणी काही लिहिलं नाही.)

घाडगे (डी-२०१), रात्री ८:२०
नमस्कार. मी ग्रुपवर सहसा बोलत नाही, कारण तुमची चर्चा रंगते तेव्हा मी झोपलेलो असतो. आत्ता उठलोय. माझा दिवस रात्री बारा-एकला सुरू होतो. जुन्नर, मंचर, नाशिककडच्या गाड्या तोपर्यंत वाशीच्या घाऊक भाजी मार्केटच्या गेटला लागलेल्या असतात. माल खाली घ्यायचा, तोलायचा, गाळ्यावर मांडायचा. मग तीन-साडेतीनपासून दादर, मुलुंड, कल्याणचे किरकोळवाले येतात आणि भाव फुटतो. सकाळी तुम्ही जी मेथी "एवढी महाग?" म्हणून परत ठेवता, तिचा खरा भाव तुम्ही साखरझोपेत असताना ठरलेला असतो.

माझे वडील माथाडी होते, पाटणचे. आधी भायखळ्याला. १९९६ ला भाजी आणि फळांचा बाजार मुंबईतून इकडे आणला तेव्हा तेही इकडे आले, आणि आम्ही वाशीकर झालो. पाठीवर पोतं, कपाळाला फडकं. रात्री अडीचला त्यांची जेवणाची सुट्टी. भाकरी, लसणाची चटणी, पातळ रस्सा. अजूनही तसंच आहे, फक्त आता पोह्याचा गाडा, अंडी, वडापाव, चहा सगळं मिळतं. शहरात सगळ्यांत जास्त गर्दीची जेवणाची वेळ रात्री अडीच आहे आणि ती आपल्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, हे या ग्रुपवर कोणालाच माहीत नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

एप्रिल-मेमध्ये तर फळ मार्केटला या. देवगड-रत्नागिरीच्या पेट्या रात्रीच उतरतात. गवतातला हापूस उघडला की वास गेटपर्यंत येतो.

म्हात्रेकाकू, ८:३१
घाडगे भाऊ, लय भारी लिवलंव. आन् जोशी, ऐका. सिडको आली १९७० ला. त्याच्या आधी हितं खाडी, मिठागरं आन् आमची गावं. सासरे भरती बघून रात्री दोनला होडी काढायचे. हितं रात्री जागणं कोणी आता आणलेलं नाय. तुम्ही आलात तेव्हा आम्हीच झोपाय लागलो होतो.

जोशीकाका, ८:४०
म्हात्रेबाई, माझा तुमच्या सासऱ्यांना विरोध नाही. घाडगे, तुमच्या टेम्पोचा विषय वेगळा आहे, त्यावर नंतर येऊ. माझा प्रश्न साधा आहे. मला रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, मला झोप लागत नाही, आणि माझ्या खिडकीखाली रोज हे चालतं. तुमच्या खिडकीखाली नाही.

घाडगे, ८:४४
काका, टेम्पोसाठी मी सोसायटीला महिन्याला पैसे भरतो. पावत्या आहेत.

सेक्रेटरी पाटील, ८:४५
भरतात. कोषाध्यक्षांनी खात्री केलेली आहे. हा विषय इथे नको.

जोशीकाका, ८:४६
मी म्हटलंच, नंतर येऊ.

मनाली, ८:५२
काका, तुमच्या खिडकीखालचं तुमचं म्हणणं मला पटतं, खरंच. गाडी दहा-पंधरा पावलं पुढे, बंद पडलेल्या बँकेच्या एटीएमसमोर नाही का हलवता येणार? तिथे वर कोणी राहत नाही. मला दिवा दिसला की झालं.

शेखसर, ९:०५
आत्ताच बोललो त्याच्याशी. तो म्हणतो हलवतो, पण तिथे गटाराचं झाकण तुटलंय. झाकण बसवलं तर उद्याच.

प्रथमेश, ९:०६
झाकणाचा खर्च आम्ही पोरं करतो. पाव-भुर्जीतून वाचवून 😄

ॲड. सावंत, ९:१०
महापालिकेच्या गटाराचं झाकण सोसायटीने बदलता येत नाही. तक्रार नोंदवा. मी मसुदा देतो.

सावंतवहिनी, ९:११
याचा मसुदा येईपर्यंत भुर्जीवाला निवृत्त होईल.

कर्णिकमॅडम, ९:१५
झाकणाचा खर्च होतो, दिव्याचा होत नाही.

प्रथमेश, ९:२०
मॅडम, मी येतोय बल्ब घेऊन. पाच मिनिटांत. स्टूल आहे का तुमच्याकडे?

कर्णिकमॅडम, ९:२१
आहे. पण ते डुगडुगतं. सांभाळून.

बुधवार

सेक्रेटरी पाटील, सकाळी ७:४०
डी विंगचा दिवा लागला. प्रथमेशचे आभार. बाकी : मागचं छोटं दार रात्री १ पर्यंत उघडं, त्यानंतर वॉचमनकडे किल्ली. मनालीसाठी ३ वाजता उघडायचं हे वॉचमनला लेखी दिलंय. मोठं गेट ११ ला बंद. गाडी हलवेपर्यंत भुर्जीवाला साडेबाराला तवा उतरवेल, शेखसरांनी शब्द घेतलाय. रविवारी मीटिंग. ज्यांना यायचं नाही त्यांनी नंतर ग्रुपवर मत देऊ नये.

जोशीकाका, ७:४४
ठराव ११ चा होता. १ चा नव्हता. हे मीटिंगमध्ये नोंदवून घ्या.

सेक्रेटरी पाटील, ७:४५
घेतलं.

घाडगे, ७:५० (झोपायच्या आधी)
शुक्रवारी रात्री मार्केट बघायला कोणाला यायचंय? दोनला निघू, साडेपाचपर्यंत परत. गाळ्यावरून भाजी थेट घ्या, पण जुडी-जुडी मिळणार नाही, घाऊक घ्यावी लागेल, आपसांत वाटून घ्या. नावं टाका.

शेखसर, ७:५२
शेख १.

मनाली, ७:५३
मी ऑफिसमधूनच येते, तीनला तिथे. मैत्रीण आणू का?

म्हात्रेकाकू, ७:५५
मी आन् सून. कोथिंबीर अर्धी अर्धी करू, नाईकवहिनी घेताव का?

नाईकवहिनी, ८:०१
कोथिंबीर घेईन. यायचं बघते. ह्यांना विचारून सांगते.

प्रथमेश, ८:०२
आम्ही चार. तिथे भाकरी किती वाजता संपते?

घाडगे, ८:०३
तीनच्या आत. आणि सगळ्यांनी बूट घाला. पाकळीत, म्हणजे गाळ्यांच्या रांगेत, पायाखाली पानांचा चिखल असतो, चपला राहत नाहीत. हमाल "बाजू" ओरडले की थांबू नका, सरका. त्यांच्या पाठीवर ओझं असतं, ते तुमच्यासाठी थांबू शकत नाहीत. फोटो काढायचा तर विचारून.

जोशीकाका, ८:१०
टेम्पो कुठे उभा राहणार आहे शुक्रवारी?

घाडगे, ८:११
मार्केटात, काका.

सेक्रेटरी पाटील, ८:१५
जाणाऱ्यांनी वॉचमनच्या रजिस्टरमध्ये जाताना-येताना सही करावी. साडेपाचला परत आलात तर पाय आपटत जिने चढू नका. लिफ्ट आहे.