ऑक्टोबरची राइड: कोण कोण येतंय?

मंदार (बी-२०४), रात्री ९:०२
मंडळी, दसरा झाला, पाऊस उघडलाय, भातं कापणीला आलीत. पुढच्या शनिवार-रविवारी राइड काढूया. मालवण-धामापूर-कुडाळ-सावंतवाडी-आंबोली, रात्री मुक्काम. रविवारी आंबोली-चंदगड, तिलारी घाट उतरून दोडामार्ग, मग घरी. तळीपण होतील, जंगलपण होईल. कोण येतंय?

बंड्या (बी-१०२), ९:०४
मी आलोच. बुलेट सर्व्हिसिंगला टाकतो उद्या.

प्राची (ए-३०२), ९:०९
आम्ही दोघं, स्कूटीवर. पण गेल्या वर्षीसारखं आम्हाला मध्येच टाकून जाणार असाल तर आत्ताच सांगा.

सुलभा काकू (ए-१०१), ९:११
पाच वाजता परत ती बुलेट माझ्या खिडकीखाली फटफटली तर माझ्याशी गाठ आसा. गेल्या वर्षी आमच्या ह्यांका वाटला भूकंप झालो.

बंड्या, ९:१२
काकू, ओरिजिनल सायलेन्सर आहे हो.

सुलभा काकू, ९:१२
ओरिजिनल असांदे नायतर डुप्लिकेट. खिडकी माझी आसा.

अनिल, सेक्रेटरी (ए-३०१), ९:२०
काकूंचं बरोबर आहे. मीटिंगमध्ये ठरलंय, सहाच्या आधी पार्किंगमध्ये गाडी सुरू करायची नाही. गेटबाहेर ढकलत न्या.

बंड्या, ९:२१
बुलेट ढकलायची म्हणजे राइडच्या आधीच मी संपलो.

दत्ताकाका (ए-२०१), ९:४०
आता जरा माझं वाचा. एकतीस वर्षं एसटी हाकलीय, त्यात आंबोलीची ड्युटी किती केली त्याचा हिशेब नाही. मंदार, तुझा रविवारचा रूट मला मान्य नाही. तिलारी घाट छोटा दिसतो, पण चढ भयंकर उभा आणि वळणं एकाला एक चिकटून. बुलेटवाला दुसऱ्या गिअरात निवांत उतरेल, इंजिन धरून ठेवतं. स्कूटीला गिअर नाही, उतारावर इंजिन तेवढं धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. मागे माणूस, डिकीत सामान. सतत ब्रेक दाबून गरम झाला की दाबतोय खरा पण गाडी थांबत नाही, असा प्रकार होतो. तेव्हा माणूस हँडल सोडून देवाचं नाव घेतो. उलट बाजूने चढायचं म्हटलं तरी ११० सीसीची स्कूटी दोघांना घेऊन रडेल.

मंदार, ९:४३
मग तिलारी रद्द?

दत्ताकाका, ९:४७
रद्द कशाला? आंबोली आलो तसेच उतरायचं सावंतवाडीला, तिथून दोडामार्ग, भेडशी आणि कोनाळकट्ट्याकडून तिलारीचं धरण बघायचं. पाणी तेच आहे रे. आता काठोकाठ असेल.

प्राची, ९:५०
दत्ताकाका, शंभर टक्के. गेल्या वर्षीची गोष्ट नवीन लोकांसाठी सांगते. दोडामार्ग बाजारात आमच्या पुढे ट्रॅक्टर आला. बाकी सगळे सुसाट पुढे. आम्ही फाट्यावर पोचलो तर कोणीच नाही. हे म्हणाले, "सरळच गेले असतील." गेलो सरळ. दहा मिनिटांनी दारूचं पहिलं दुकान दिसलं तेव्हा कळलं की आपण गोव्यात आलोय. फोनला रेंज नाही. तिकडे हे सगळे धरणावर आमची वाट बघत दीड तास बसलेले, आणि आमचा घावण्याचा डबापण संपवलेला!

बंड्या, ९:५१
डबा बाहेर काढून ठेवला होता, भूक लागली होती.

प्राची, ९:५१
डबा तुझ्या सॅकमध्ये होता म्हणून तर.

दत्ताकाका, ९:५८
म्हणून एकच नियम. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबायचं, मागचा *डोळ्यांनी* दिसेपर्यंत. फोन करून नाही, अंदाजाने नाही. त्याने हात दाखवला की मग हलायचं. सगळ्यांत सावकाश गाडी पुढून दुसरी. म्हणजे प्राची, तू माझ्या मागे. बंड्या सगळ्यांत शेवटी, आणि शेवटीच राहायचं.

बंड्या, ९:५९
बुलेट शेवटी??

अनिल, सेक्रेटरी, १०:०२
कोणी पंक्चर झाला तर तुझ्याकडेच हवेचा पंप आहे, म्हणून.

मंदार, १०:०५
ठीक. शनिवारी पहिला थांबा धामापूर. चौक्यावरून जाऊ. सकाळी साडेसहाला तिथे असलो की तळ्यावर धुकं मिळतं, भगवतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून चहा.

अनिल, सेक्रेटरी, १०:०९
हे तळं १५३० सालचं आहे, विजयनगरच्या काळातलं. २०२० मध्ये जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळाला. आपण रोज पंपाचं बिल भरतो आणि टाकी आठवड्यातून दोनदा ओसंडते, तेवढं आठवलं.

सुलभा काकू, १०:१०
टाकयेचा विषय परत काढलास? राइडचा बोला.

मंदार, १०:१४
नेरूरपारचा पूल, कुडाळ, सावंतवाडीत मोती तलावावर नाश्ता. पेट्रोल तिथेच फुल. दुपारी आंबोली.

दत्ताकाका, १०:२१
दुपारी म्हणजे बाराच्या आत. ऑक्टोबरात सकाळी कडक ऊन आणि तीन-चार वाजता ढग गडगडतात, परतीच्या पावसाचा भरवसा नाही. पहिल्या सरीत घाटातली धूळ, डिझेल आणि सुकलेली पानं एकत्र होऊन साबण होतो. कड्याच्या बाजूला शेवाळ अजून ओलं असतं, तिथे टायर नको. आणि नेरूरपारच्या पुढे रस्त्यावर भात वाळत घातलेलं असतं. त्यावर ब्रेक मारायचा नाही. आधीच वेग कमी करा, सरळ जा. शेतकऱ्याचं भात उडवत गेलात तर शिव्या मीच घालीन.

प्राची, १०:२५
आंबोलीत हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडावर जायचंय ना? ती मासळी बघायचीय.

अनिल, सेक्रेटरी, १०:२८
शिस्टुरा हिरण्यकेशी, २०२० साली नव्याने नोंद झालेली. २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ झाली. कुंडात पाय बुडवायचे नाहीत, बिस्किटं टाकायची नाहीत. बंड्या, ऐकतोयस ना?

बंड्या, १०:२९
सगळं मलाच का?

दत्ताकाका, १०:३६
शेवटचं. रविवारी चारच्या आत तिलारी सोडायची. २००२ पासून त्या बाजूला हत्ती येतात, आणि गवे तर कातरवेळी रस्त्यावरच. गवा दिसला की लांब थांबा, हॉर्न नको, लाइट मारू नका, त्याला जाऊ द्या. आणि हेल्मेट मागच्यालाही. कायद्यात आहे ते, माझं डोकं नाही.

मंदार, १०:३८
मी बंड्याच्या मागे बसतोय, माझी गाडी गॅरेजमध्ये. कॅप चालेल ना?

दत्ताकाका, १०:३८
नाही.

---

शनिवार

सुलभा काकू, सकाळी ५:३४
गाडये ढकलत नेल्यात ता बरा केल्यात. पण गेटवर "हळू, हळू" म्हणान बोंबलत कोण होतो?

प्राची, ५:३६
दत्ताकाका.

सुलभा काकू, ५:४०
आणि जिन्यात लाल हेल्मेट रवला. कोणाचा ता?

मंदार, ५:४१
माझं. बंड्या वळवतोय गाडी. सॉरी काकू, एकदा आवाज येईल.

दत्ताकाका, ५:४३
गेटबाहेर बंद करून चालत जा. आम्ही कुंभारमाठाक थांबलंव.