डस्ट कलेक्टरच्या कंट्रोल बोर्डाला पॉवर सप्लाय कुठला घ्यावा?

भुसाधारी
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत छोटा गाळा आहे, मॉड्युलर फर्निचरचं काम. २ एचपीचा टेबल सॉ (लाकूड कापायची करवत) आणि दीड एचपीचा डस्ट कलेक्टर (भुसा ओढून घेणारं मशीन), दोन्ही सिंगल फेज. सॉ सुरू झाला की कलेक्टर आपोआप लागावा आणि सॉ थांबल्यावर थोड्या वेळाने बंद व्हावा, एवढंच हवंय. ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड), सॉच्या फेजवर क्लिपवाला करंट सेन्सर आणि तो चार रिलेंचा (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचचा) निळा मॉड्यूल असा जुगाड आहे. प्रोग्राम भाच्याने लिहिलाय. टेबलावर बल्ब लावून झकास चालतो, गाळ्यात मात्र कलेक्टर बंद होताना बोर्ड रीसेट होतो, कधी अडकूनच बसतो. सध्या जुन्या मोबाइल चार्जरवर आहे. सप्लाय कुठला घेऊ? पुढे सॉसुद्धा याच बोर्डावरून चालू-बंद करायचा विचार आहे.

कळवेकर
हायलिंकचा पीएम०१ घ्या. काडेपेटीपेक्षा लहान, २३० व्होल्ट आत, ५ व्होल्ट बाहेर. माझ्या घरच्या सगळ्या पंख्यांमागे तेच आहेत.

वागळेचा_वायरमन
पंख्यांमागे ठीक आहे हो. पण तो ३ वॉटचा, म्हणजे ६०० मिलीअँपिअर. ईएसपी३२ वायफायवर बोलताना क्षणभर अर्ध्या अँपिअरच्या आसपास ओढतो, निळ्या रिलेची एकेक कॉइल साधारण ७० मिलीअँपिअर. चारही ओढल्या की खेळ खलास. ५ व्होल्ट २ अँपिअर धरून चला. पॅनेलमध्ये पट्टीवर बसणारा मीनवेल एचडीआर-१५-५ घ्या, २.४ अँपिअर देतो, रुंदी एका एमसीबीएवढी. पीसीबीवरच (सर्किट बोर्डावर) बसवायचा असेल तर त्यांचाच आयआरएम-१०-५.

पण दादा, नुसता सप्लाय बदलून दुखणं जाणार नाही. आधी सांगा, कलेक्टरची मोटर थेट निळ्या रिलेवर आहे का?

भुसाधारी
हो, थेटच. रिलेवर १० अँपिअर छापलंय म्हणून लावली.

वागळेचा_वायरमन
वाटलंच. ते १० अँपिअर हीटरसारख्या लोडसाठी. मोटर सुरू होताना नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट ओढते, आणि बंद करताना संपर्कावर जी ठिणगी पडते तीच तुमच्या बोर्डाला गदागदा हलवते. एक दिवस ते संपर्क चिकटतील आणि प्रोग्रामने ‘बंद’ म्हटलं तरी कलेक्टर फिरत राहील.

मध्ये कॉन्टॅक्टर (मोटरसाठीचा दणकट रिले) घाला. रेटिंग बघताना एसी-३ चा आकडा बघायचा, तो मोटरचा. दुकानदार एसी-१ चा (हीटरसारख्या लोडचा) मोठा आकडा दाखवतो, त्याला भुलू नका. दीड एचपीला एसी-३ मध्ये १२ अँपिअरचा पुरेल, १८ चा घेतलात तर निश्चिंत. निळ्या रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची २३० व्होल्टची कॉइल ओढायची. त्या कॉइलच्या दोन टोकांवर आरसी स्नबर, म्हणजे १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (थेट मेन्सवर लावायला बनवलेला) कपॅसिटर सिरीजमध्ये. कॉइल सोडतानाचा फटका तिथेच जिरतो. रीसेटचं निम्मं दुखणं इथेच जाईल.

सप्लायला फेज मोटरच्या लाइनवरून नको. मेन एमसीबीनंतर वेगळा २ अँपिअरचा एमसीबी टाकून घ्या. आणि सेन्सरची वायर मोटरच्या केबलला बांधू नका. सगळं एकाच ट्रंकिंगमध्ये कोंबायची आपल्याकडे सवयच आहे.

सोल्डरसम्राट
एवढा खर्च कशाला? एक कपॅसिटर, एक झेनर, चार डायोड. पन्नास रुपयांत ५ व्होल्ट.

वागळेचा_वायरमन
सम्राट, त्या सर्किटात मेन्सपासून आयसोलेशनच (अलगपणा) नसतं. बोर्डाचा ग्राउंड थेट लाइनला जोडलेला. यांचा भाचा लॅपटॉपची यूएसबी लावून प्रोग्राम बदलायला बसला तर काय होईल? सीलबंद एलईडी बल्बच्या पोटात ते सर्किट शोभतं, माणूस हात लावतो तिथे नाही.

कळवेकर
याला माझंही अनुमोदन. भुसाधारी, डबा कुठला आहे? पावसाळ्यात दमट हवा आणि बारीक भुसा एकत्र आले की पीसीबीवर थर बसतो आणि २३० च्या ट्रॅकवरून करंट सरपटायला लागतो. गॅस्केटवाला आयपी६५ (धूळ-पाणी आत न जाऊ देणारा) डबा घ्या, वायर ग्लँडमधून (वायर घट्ट धरणाऱ्या बुचातून) खालच्या बाजूने आत. धातूचा असेल तर दाराला सुद्धा अर्थिंगची वेणी.

भुसाधारी
सध्या प्लॅस्टिकचा टिफिन आहे 🙈 बदलतो. सॉचं काय मग? त्यालाही कॉन्टॅक्टर लावून बोर्डावर घेऊ?

वागळेचा_वायरमन
सॉ बोर्डाच्या हातात देऊच नका. त्याला हिरव्या-लाल बटणाचा डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाइनवर सुरू करणारा), ओव्हरलोड रिलेसकट (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा). लाइट गेली की त्याची कॉइल सुटते आणि लाइट आल्यावर हिरवं बटण दाबल्याशिवाय सॉ फिरत नाही. महावितरणची लाइट कधी येईल याचा भरवसा नाही, आणि त्या वेळी कुणाचा तरी हात पात्याजवळ असणारच. बोर्डाने फक्त सॉचा करंट बघावा आणि कलेक्टर सांभाळावा. इमर्जन्सी स्टॉपचं लाल मश्रूम बटणसुद्धा प्रोग्राममधून नाही, दोन्ही कॉइलच्या वायरमध्येच सिरीजला.

ओव्हरलोडची चकती मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवर लावा. ट्रिप होतोय म्हणून कारागीर ती पुढे सरकवतात, तिच्यावर लक्ष ठेवा.

भुसाधारी
पटलं काका. एचडीआर, १८ चा कॉन्टॅक्टर, स्नबर, स्टार्टर अशी यादी केली. मुंबईच्या लोहार चाळीत जावं की ठाण्यात मिळेल?

कळवेकर
कॉन्टॅक्टर-स्टार्टर ठाण्यात कुठल्याही बऱ्या इलेक्ट्रिकच्या दुकानात. सप्लाय आणि एक्स२ कपॅसिटरसाठी लॅमिंग्टन रोड. कपॅसिटरवर ‘एक्स२’ आणि २७५ व्होल्ट एसी छापलेलं बघूनच घ्या, साधा ४०० व्होल्ट डीसीचा कुणाला गळ्यात मारू देऊ नका.