बारा स्वरांची माळ म्हणजे मेरुखंड नव्हे

कोमल_निषाद
परवाच्या एका धाग्यात ठणकावून लिहिलं होतं, की ऑस्ट्रियन संगीतकार श्योनबर्गने १९२० च्या दशकात 'शोधलेली' बारा स्वरांची पद्धत म्हणजे आपलं मेरुखंडच. शार्ङ्गदेवाने देवगिरीच्या यादवांकडे असताना तेराव्या शतकातच ते 'संगीतरत्नाकरा'त मांडून ठेवलंय. खाली नुसती 'अभिमान वाटला'ची रांग. राहवलं नाही म्हणून हा धागा.

मेरुखंडात काय करता? सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. तीन स्वरांचे सहा प्रकार, संपलं. चारांचे २४, पाचांचे १२०, सातांचे ५०४०. रागात न बसणारे टाकायचे, उरलेल्यांतून बढत करायची, म्हणजे राग हळूहळू फुलवायचा. क्रम बदलत राहणं हाच सगळा खेळ.

श्योनबर्गकडे नेमकं उलटं. बारा स्वरांचे क्रम होतात ४७,९०,०१,६००. त्यातला एक निवडायचा आणि रचनाभर तोच धरून ठेवायचा. हा क्रम म्हणजेच माळ. ती वापरायची सरळ, शेवटाकडून उलट, आरशात (जेवढं वर तेवढं खाली), आणि आरशातली उलट. ही चारही बारा पट्ट्यांत (बारांपैकी कुठल्याही स्वरापासून सुरू करून), म्हणून ४८ रूपं.

श्योनबर्गचा शिष्य बर्ग, त्याच्या १९३५ च्या व्हायोलिन कन्चेर्टोची (व्हायोलिन आणि वाद्यवृंदाची रचना) माळ घ्या, पाश्चात्त्य 'जी' स्वराला सा धरून: सा, कोमल ग, प, शुद्ध नि, शुद्ध रे, शुद्ध म, शुद्ध ध, कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नि. यातला पहिला, तिसरा, पाचवा, सातवा स्वर म्हणजे जी, डी, ए, ई: व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा! शेवटचे चार एकमेकांपासून पूर्ण स्वराच्या अंतरावर. बाखच्या ज्या कोरालने (चर्चमधल्या समूहगीताने) रचना शेवटाकडे जाते, त्याची सुरुवात याच चालीची, म्हणून तो वरून चिकटवल्यासारखा वाटत नाही. आता आरसा: तीन अर्धस्वर वर जाऊन कोमल ग होता, तिथे तीन खाली, म्हणजे शुद्ध ध. प च्या जागी शुद्ध म, नि च्या जागी कोमल रे. यात मेरुखंड कुठे दिसलं ते दाखवा.

गणिती_काका
एवढं तापायचं कारण नाही. दोन्हीकडे क्रमपर्यायच आहेत. आणि शार्ङ्गदेवाने नुसती यादी दिलेली नाही. नष्ट आणि उद्दिष्ट वाचलंय का? अमुक क्रमांकाची तान कोणती, किंवा ही तान कितवी, हे ५०४० ताना न लिहिता काढता येतं. तुमच्या साहेबाकडे आहे असं काही?

कोमल_निषाद
काका, ती मोजणी झाली, रचना नव्हे. पंचांग करणाऱ्याला लग्न लावल्याचं श्रेय देताय.

मंद्र_सप्तक
मूळ लेखात एक राहिलं. नवशिके ४८ रूपं कागदावर मांडतात आणि सगळी एकाच तुकड्यात कोंबतात. मग कानाला कुठलंच रूप ओळखू येत नाही, नुसता गलका. श्योनबर्गने ओपस २५ (रचना क्रमांक २५) च्या पियानो सुइटमध्ये आठच वापरली, आणि प्रत्येकाचं एक टोक ई, दुसरं बी फ्लॅट. त्यामुळे एक माळ संपते त्याच स्वरावर दुसरी सुरू करता येते. दुसरी चूक म्हणजे खर्जात तोच स्वर सप्तकाने दुप्पट करणं. तो एकटा उठून दिसतो, कान त्यालाच सा समजून बसतो आणि बाकी अकरा त्याचे नोकर होतात.

त्रिताल_१६
श्योनबर्ग राहू द्या. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशची १९७२ ची नुसत्या टाळ्यांची जी 'महान' रचना आहे, ते आपला तबल्याचा विद्यार्थी दुसऱ्या वर्षी करतो. बारा मात्रा, आठ टाळ्या. एकताल की हो!

मंद्र_सप्तक
बारा मात्रा दिसल्या की एकताल? डझनभर केळीही एकताल मग. त्यात ना ठेका, ना खाली-भरी. साचा असा: टा टा टा – टा टा – टा – टा टा –. पहिला वादक तो शेवटपर्यंत तसाच वाजवतो. दुसरा ठरलेल्या आवर्तनांनंतर एक मात्रा अलीकडे सरकतो: टा टा – टा टा – टा – टा टा – टा. बाराव्या सरकण्याला दोघे पुन्हा जुळतात. चुकतं ते हमखास दुसऱ्याचंच. तीन टाळ्यांच्या पुंजक्याला तो सम समजतो, मनातली सम हलते आणि दोन-तीन सरकण्यांत तो पहिल्याला जाऊन चिकटतो. करून बघा दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून.

पेटीचा_शत्रू
अवांतर: मूळ रोग कोणीच बोलत नाही. बारा समान तुकडे केलेलं सप्तक! पेटीचा शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), तंबोऱ्यातून ऐकू येणारा ३८६ वर. १४ सेंट चढा स्वर गाणाऱ्याच्या कानात रोज ओततात. आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं पेटी बंद ठेवली होती, उगाच नव्हे.

त्रिताल_१६
मग पेटीतली गंधाराची पत्ती (सूर देणारी धातूची पट्टी) मुळाशी घासा, उतरेल. टोकाशी घासली तर चढते, एवढं तरी ठाऊक असेलच.

पेटीचा_शत्रू
उतरवा की! पेटीची पांढरी एक सा धरून तिचा गंधार, म्हणजे पांढरी तीन, १४ सेंटनी उतरवली, आणि उद्या गायिका पांढरी सहामध्ये गाते. तीच पांढरी तीन तिचा पंचम. ७०२ हवा, मिळतो ६८६. बेसुरा पंचम चालवून घेणारी मैफल दाखवा.

कोमल_निषाद
अहो, नकळत माझाच मुद्दा मांडलात. माळ बारा पट्ट्यांत जशीच्या तशी सरकायला अंतरं सारखीच लागतात, म्हणून ही पद्धत समान सप्तकाशिवाय उभी राहत नाही. मेरुखंडाला ती अट नाही. तिथे सा हलतच नाही.

गणिती_काका
व्हायोलिनवर कुठली आलीय समान अंतरं? वादक बोटाने सूर सरकवतोच. बर्गची रचना व्हायोलिनचीच ना?

कोमल_निषाद
हा मुद्दा मान्य. 'उभी राहत नाही' जास्त झालं. कागदावर अंतरं सारखी धरलेली असतात, एवढंच म्हणतो.

गणिती_काका
चला, तेवढं तरी. मग माझ्याकडूनही: माळ वेगळी, मेरुखंड वेगळं. पण मोजणी आधी आमचीच.

पेटीचा_शत्रू
मोजणी घाला चुलीत. गंधाराचं काय ठरलं?