स्ट्रॉबेरी क्रिस्पवरचा ओट्सचा थर कुरकुरीत का होत नाही?

कोथरूडवासी :

नमस्कार. गेल्या रविवारी महाबळेश्वरहून परतताना पाचगणीजवळ रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून दोन किलो स्ट्रॉबेरी घेतली. तिच्यातली निम्मी क्रीमबरोबर संपली आणि उरलेली मऊ पडू लागल्यामुळे तिचे फ्रूट क्रिस्प करावे असे ठरवले. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या नणंदेकडे मी हा पदार्थ खाल्ला होता. खाली सफरचंदाच्या फोडींचा दाट, आंबटगोड थर होता आणि वर ओट्स, मैदा, ब्राउन शुगर व लोणी यांचा खमंग, दाताखाली कुरकुरणारा चुरा होता. माझ्या ओव्हनमधून जे बाहेर आले ते चाखून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘लापशी छान झाली आहे,’ आणि खरे सांगायचे तर त्यांचे काही चुकले नव्हते.

कृती अशी केली. सुमारे ७०० ग्रॅम स्ट्रॉबेरीचे देठ काढून चार-चार तुकडे केले, त्यांत अर्धी वाटी साखर आणि दोन चमचे मक्याचे पीठ मिसळले आणि ८ इंची काचेच्या भांड्यात पसरले. वरच्या थरासाठी एक वाटी ओट्स, पाऊण वाटी मैदा, अर्धी वाटी ब्राउन शुगर आणि १०० ग्रॅम वितळवलेले लोणी एकत्र कालवले. ओटीजी (विजेवरचा घरगुती ओव्हन) १८० अंशांवर आधी तापवून घेतला होता. खालचाच रॉड चालू ठेवून ३० मिनिटे भाजले. कडा तांबूस दिसल्या म्हणून भांडे बाहेर काढले, तर मधला भाग ओला होता आणि चमचा खुपसल्यावर तळाशी बोटभर लाल पाणी होते. ओट्स ‘तीन मिनिटांत तयार’ असे पाकिटावर लिहिलेले, नेहमी नाश्त्याला आणतो तेच आहेत.

दोष ओट्सचा, फळाचा, की ओव्हनचा? येत्या शनिवारी नणंद पुण्यात येणार आहे आणि तिच्यासमोर पुन्हा लापशी ठेवण्याची माझी इच्छा नाही.

औंधकर :

ओट्सचा दोष नक्कीच आहे, परंतु एकट्या ओट्सचा नाही. तीन मिनिटांत शिजणारे ओट्स हे मुळात बारीक तुकडे करून, पातळ दाबून, पाणी पटकन शोषून घेण्यासाठीच तयार केलेले असतात. त्यांच्याखाली फळाचा रस आणि वर वितळलेले लोणी असताना त्यांनी आपले काम चोख केले, एवढेच. क्रिस्पला ‘रोल्ड ओट्स’ लागतात. हे अख्खे दाणे वाफवून रुळाखाली चपटे केलेले असतात, त्यामुळे त्यांची पापडी जाड राहते आणि भाजल्यावर कडक होते. पुण्यातल्या कोणत्याही मोठ्या किराणा दुकानात ते मिळतात, फक्त पाकीट वाचून घ्यावे. ‘स्टील कट’ लिहिलेले मात्र घेऊ नका, कारण ते कण्यांसारखे असतात, एवढ्या वेळात शिजत नाहीत आणि दाताला खड्यासारखे लागतात.

आता लोण्याबद्दल. आपण शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन कसे चोळतो ते आठवा, कारण इथेही तेच करायचे आहे. थंड लोण्याचे बारीक तुकडे मैदा, साखर आणि ओट्सवर टाकून बोटांच्या टोकांनी चोळावेत. मुठीत घेऊन दाबल्यावर मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर तोच मुटका ओबडधोबड तुकड्यांत फुटला पाहिजे. मुटका वळतच नसेल तर लोणी कमी आहे, आणि टोचल्यावर बोट नुसतेच आत रुतत असेल तर लोणी जास्त झाले आहे किंवा हाताच्या उबेने वितळले आहे. तसे झाले तर मिश्रण पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावे. पसरताना ते थापू नये, वरून भुरभुरावे. वाटाण्यापासून बोरापर्यंत निरनिराळ्या आकाराचे गोळे राहिले तर उत्तमच.

सदाशिवपेठी :

औंधकरांचे म्हणणे मान्य आहे, तथापि त्यांनी सांगितलेले सारे करूनही तळाशी पाणी राहिलेच असते, कारण खरा प्रश्न फळाच्या पाण्याचा आहे. स्ट्रॉबेरीत साधारण नव्वद टक्के पाणी असते, म्हणजे आपल्या ७०० ग्रॅम फळांत ६०० ग्रॅमहून अधिक पाणीच होते. साखर लागताच ते सुटू लागते, उष्णतेने फळाच्या पेशी फुटल्या की उरलेलेही बाहेर पडते, आणि त्याची वाफ वरच्या थरातूनच वाट काढते. ओट्स खालून अक्षरशः वाफवले जातात. सफरचंदातही पाणी भरपूर असते, पण त्याच्या फोडी आकार धरून ठेवतात आणि पाणी सावकाश सोडतात, म्हणून आपल्या नणंदेकडचे क्रिस्प तसे झाले.

दुसरी गोष्ट मक्याच्या पिठाची. आपण ‘मक्याचे पीठ’ लिहिले आहे. ते भाकरीचे पिवळसर पीठ असेल तर दाटपणा येणार नाही, केवळ रवाळपणा येईल. अमेरिकी कृतीत जे ‘कॉर्नस्टार्च’ म्हणतात ते आपल्याकडे ‘कॉर्नफ्लोअर’ या नावाने मिळणारे पांढरेशुभ्र, बोटांत चरचरणारे पीठ, म्हणजे मक्याचा निव्वळ स्टार्च होय. एवढ्या फळांना त्याचे पोह्याचे सपाट तीन चमचे तरी हवेत. शिवाय हा स्टार्च नुसता गरम होऊन भागत नाही. तो पुरता फुगून रस घट्ट व्हायला जवळजवळ उकळीचे, म्हणजे सुमारे ९५ अंशांचे तापमान लागते. त्यामुळे क्रिस्प झाले की नाही हे वरच्या रंगावरून ठरवू नये, कडेच्या बुडबुड्यांवरून ठरवावे. आरंभी पातळ रसाचे बारीक, फेसासारखे बुडबुडे भराभर येतात आणि विरतात. रस दाट झाला की तेच बुडबुडे मोठे आणि चकचकीत होतात आणि पाकासारखे सावकाश, ‘बुळुक्’ असा आवाज करीत फुटतात. असे बुडबुडे कडेलाच नव्हे, तर मधल्या फटींतूनही दिसेपर्यंत भांडे बाहेर काढू नये.

माझी पद्धत सांगतो. फळांच्या फोडींना साखर लावून पाऊण तास ठेवावे, मग चाळणीत निथळून घ्यावे. निघालेला रस स्टीलच्या पातेल्यात निम्मा होईपर्यंत आटवावा. लोखंडी कढई किंवा साधे ॲल्युमिनियम वापरू नये, कारण आंबट रसाला धातूची चव लागते. रस निवला की फोडी, कॉर्नफ्लोअर, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ हे सारे त्यात मिसळावे. रस आटवून परत वापरला जात असल्याने काहीही वाया जात नाही, हे माझ्या पत्त्यावरून आपण ओळखले असेलच. तसाही हा काटकसरीच्या घराण्यातलाच पदार्थ आहे. क्रिस्पचे ब्रिटिश भावंड म्हणजे क्रम्बल. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून लोणी आणि साखर रेशनवर मिळू लागली, तेव्हा ‘पाय’ (pie) या फळे भरून भाजायच्या पदार्थाच्या पारीला लागणारे लोणी परवडेना, म्हणून फळांवर नुसता चुरा पसरण्याची ही युक्ती घरोघर गेली, असे सांगतात.

ओटीजीवाला :

ओव्हनबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. फक्त खालचा रॉड चालू ठेवल्यावर वरचा थर खरपूस होण्याची अपेक्षा करणे योग्य नाही. दोन्ही रॉड चालू ठेवावेत आणि भांडे मधल्या किंवा त्याखालच्या खाचेत ठेवावे. लहान ओटीजीत वरचा रॉड भांड्याच्या फार जवळ येतो, त्यामुळे फळ उकळण्यापूर्वीच ओट्स करपण्याचा संभव असतो. तसे दिसल्यास वर फॉइल सैलसर ठेवावे. ते चारही बाजूंनी घट्ट दाबू नये, नाहीतर वाफ कोंडून पुन्हा लापशी होईल. काचेचे भांडे सावकाश तापते, म्हणून ३० मिनिटे अपुरी होती. ४० ते ५० मिनिटे धरून चालावे. ते गरम असताना ओल्या ओट्यावर ठेवू नये, तडा जातो. माझे एक भांडे असेच गेले आहे.

ज्यांच्याकडे मायक्रोवेव्ह आहे त्यांनी कन्व्हेक्शनवरच, म्हणजे गरम हवेने भाजण्याच्या सोयीवरच, भाजावे. आणि तयार क्रिस्पवर झाकण ठेवून ते ‘गरम राहावे’ अशी सोय कोणी करू नये.

पुरंदरकर :

वितळवलेल्या लोण्याला सगळ्यांनी गुन्हेगार ठरवले आहे, ते मला पटत नाही. मी गेली अनेक वर्षे पातळ लोणी वापरते आणि थर कुरकुरीत होतो. अट एवढीच की कालवलेले मिश्रण ताटात पसरून फ्रिजमध्ये अर्धा तास थिजवावे आणि मग हाताने मोडून घालावे. त्याहून सोपा उपाय साजूक तुपाचा आहे. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असते, तुपात ते जवळजवळ नसते, म्हणून १०० ग्रॅम लोण्याऐवजी ८० ग्रॅम तूप पुरते. पुण्यात जानेवारीत तूप डब्यातच थिजलेले असते, त्यामुळे ते थंड करण्याचाही खटाटोप नाही. चव नानकटाईच्या जवळ जाते. हे शुद्ध अमेरिकी क्रिस्प नव्हे, हे कबूल, पण आमच्या घरी लोण्याचे आता कोणी मागत नाही. बाजारचे लोणी बहुधा खारे असते, म्हणून तूप वापरताना मीठ आठवणीने घालावे.

फळाबद्दल एक सूचना. नुसत्या स्ट्रॉबेरीऐवजी निम्मे सफरचंद घ्यावे. या दिवसांत मिळणारी लाल सफरचंदे शीतगृहातली असतात आणि पुष्कळदा पिठूळ निघतात, म्हणून मंडईत एक कापून दाखवायला सांगावे, किंवा सरळ हिरवी, आंबट सफरचंदे घ्यावीत. फोडी अर्ध्या बोटाएवढ्या जाड असाव्यात. सासवडकडची अंजिरे मिळाली तर दोन-तीन चिरून घालावीत, रस छान दाटतो. चिकू मात्र घालू नका. त्यात आंबटपणा मुळीच नसल्यामुळे सारे गुळचट होते. पेरूच्या बियांनी माझ्या जाऊबाईंचा दात दुखावला होता, एवढेच सांगते.

कोथरूडवासी :

सर्वांचे मनापासून आभार. मक्याचे पीठ पिवळेच होते. सदाशिव पेठेतून कोथरूडच्या फडताळातला डबा कसा दिसला, कोण जाणे.

काल पुन्हा केले. ४०० ग्रॅम स्ट्रॉबेरी आणि दोन हिरवी सफरचंदे घेतली. फक्त स्ट्रॉबेरीला साखर लावून पाऊण तासाने निथळली, तर पाऊण वाटी रस निघाला. तो आटवून पाव वाटीपेक्षा थोडा अधिक केला. वरच्या थराचे दोन भाग केले, निम्म्यावर लोणी आणि निम्म्यावर साजूक तूप. रोल्ड ओट्स, दोन्ही रॉड, १८० अंश. पस्तीस मिनिटांनी रंग सुरेख आला होता आणि मागच्या वेळी मी नेमके इथेच फसले होते, पण मध्यभागी अजून फेसच दिसत होता, म्हणून वर फॉइल टाकून आणखी बारा मिनिटे ठेवले. मग ते सांगितलेले ‘बुळुक्’ ऐकू आले.

अर्धा तास निवू दिले. तळाशी पाणी नव्हते, रस चमच्याला धरून राहत होता. लोण्याच्या बाजूला टोपलीच्या विणीसारखा खडबडीत, कडक थर आला होता. तुपाची बाजू अधिक खुसखुशीत पण भुगा होणारी निघाली. सासूबाईंनी दोन्ही बाजू खाल्ल्या आणि तुपाची बाजू पुन्हा वाढून घेतली. आज सकाळी उरलेले फ्रिजमधून काढले तेव्हा वरचा थर मऊ पडला होता. तो ओटीजीत १६० अंशांवर दहा मिनिटे ठेवल्यावर बराचसा परत आला, पूर्ण नाही.

एक शंका अजून आहे. शनिवारी नणंद रात्री साडेआठला जेवायला येणार आणि मी कामावरून सातला पोहोचणार. फळे आणि चुरा सकाळीच वेगवेगळे तयार करून फ्रिजमध्ये ठेवले तर चालेल का?

औंधकर :

चुरा जरूर ठेवा, उलट तो थंड असल्याने चांगलाच होईल. आटवलेला रसही बरणीत ठेवता येईल. कॉर्नफ्लोअर मात्र संध्याकाळी भांडे ओव्हनमध्ये जाण्यापूर्वीच मिसळा, आणि सफरचंदही तेव्हाच चिरा. काचेचे भांडे फ्रिजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका, बाहेर ठेवलेल्या भांड्यात सारे ऐनवेळी भरा.