परदेशातून जुनी गिटार मागवायची आहे: ड्युटी, कर, फी धरून हातात केवढ्याला पडेल?

सुटी_तार

नमस्कार मंडळी,

नायलॉन तारांची गिटार शिकतेय, आणि आता शिकाऊ वाद्यावर भागत नाही. परदेशातल्या एका खासगी विक्रेत्याकडे १९७०च्या दशकातली, हाताने बनवलेली गिटार सापडली आहे. वरची पाटी स्प्रूसची, मागची पाटी आणि बाजू 'रोझवुड' एवढंच जाहिरातीत लिहिलंय. फोटो बघून जीव अडकलाय. किंमत बजेटच्या अगदी काठावर आहे, म्हणजे वरखर्च किती येतो यावरच सगळं ठरणार.

विक्रेता म्हणतो, पाठवण्याचा खर्च वेगळा आणि तुमच्याकडचं कस्टम्स तुमचं तुम्ही बघा. शिवाय त्याने आपणहून सुचवलं की पार्सलवर 'भेटवस्तू' लिहून किंमत कमी दाखवतो, म्हणजे ड्युटी वाचेल. मला ते बरं वाटत नाहीये, पण सगळेच असं करतात का?

पैसे पाठवण्याआधी एकूण आकडा कसा काढायचा? त्याला काय काय विचारून घेऊ?

खर्जातला_खांब

हा धागा वेगवेगळ्या देशांतले लोक वाचतात, म्हणून दर लिहीत बसत नाही. ते तुमच्या देशाच्या कस्टम्सच्या संकेतस्थळावर मिळतील. हिशेबाची रीत सांगतो, कारण लोक दरात चुकत नाहीत, रीतीत चुकतात.

बहुतेक देशांत ड्युटी नुसत्या वाद्याच्या किमतीवर लागत नाही. किंमत, विमा आणि भाडं यांच्या बेरजेवर लागते. (अमेरिका इथे वेगळी, तिथे आंतरराष्ट्रीय भाडं आणि विमा मूल्यातून वगळतात.) मग त्या बेरजेत ड्युटी मिळवायची आणि जी रक्कम होईल तिच्यावर जीएसटी किंवा व्हॅट, जे काय तुमच्याकडे असेल ते. म्हणजे करावर कर.

आकडे मनचे घेतो, चलन कुठलंही धरा. गिटार १०००, भाडं १५०, विमा २०. झाले ११७०. ड्युटी १० टक्के धरली तर ११७. आता १२८७ वर १८ टक्के कर, म्हणजे साधारण २३२. कुरियरची क्लिअरन्स फी ३० धरा. एकूण १५४९. आपण काय करतो? दहा आणि अठरा मिळून अठ्ठावीस, हजारावर २८०, असं डोक्यात धरून बसतो. भाडं आणि विमा आधीच माहीत असले तरी त्यांच्यावर बसणारा कर कुणी मोजत नाही.

दर शोधायचा तर एचएस कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा जगभर वापरला जाणारा क्रमांक, हवा. वाद्यांचं प्रकरण ९२. साधी गिटार, सतार, सरोद ही तंतुवाद्यं ९२०२ मध्ये. तबला-ढोलकीसारखी चर्मवाद्यं ९२०६. इलेक्ट्रिक गिटार आणि सिंथेसायझर ९२०७. पेटी ९२०५ मध्ये, सनई-बासरीच्या शेजारी, कारण तीही हवेवर वाजते. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे ज्या त्या देशाचे. अॅम्प्लिफायर मात्र वाद्यांत मोडत नाही, तो ८५१८. गिटारबरोबर अॅम्प मागवणाऱ्यांनी दोन्हींचा दर वेगवेगळा बघावा.

पार्सलपुराण

खांबसाहेबांनी फी ३० धरली ती फारच सोज्वळ आहे. :)

मी क्लिअरन्सच्या कामात आहे, म्हणून या फीबद्दल थोडं सविस्तर. कुरियर कंपनी तुमच्या वतीने ड्युटी आधी भरते आणि नंतर तुमच्याकडून वसूल करते. या आगाऊ भरण्याचे ती पैसे लावते. कुठे ठरावीक रक्कम असते, कुठे भरलेल्या ड्युटीच्या टक्क्यांत, आणि 'कमीत कमी इतके' अशी अट जवळपास सगळीकडे. स्वस्त वस्तूवर ही फी ड्युटीपेक्षा जास्त निघते. तारांचे दोन सेट मागवणारे लोक याच्यावर सगळ्यात जास्त तडकतात. कंपनीच्या दरपत्रकात ती लिहिलेली असते, पण ते दरपत्रक कुणी उघडत नाही. टपालाने आलेल्या पार्सलवर हाताळणी शुल्क सहसा कमी असतं, पण टपालाचं पार्सल हळू येतं आणि मोठ्या खोक्याला टपाल खात्याची आकाराची मर्यादा आड येते. विक्रेत्याला आधी मापं विचारा.

मापांवरून आठवलं. हवाई कुरियर खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे घेतं. आकारमानाचं वजन काढायची नेहमीची रीत: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. गिटारचं खोकं १२० × ५० × २० धरलं तर २४ किलो होतात. प्रत्यक्षात केससकट ते सहा-सात किलोच्या आसपास भरतं. बाकीची हवा. आणि भाडं ड्युटीच्या मूल्यात धरलं जात असेल तर त्या हवेवरही ड्युटी.

अजून एक. विक्रेता 'डीडीपी' ने पाठवतो का 'डीएपी' ने, हे लेखी घ्या. डीडीपी म्हणजे ड्युटी-कर त्याने भरायचे, डीएपी म्हणजे तुम्ही. खासगी विक्रेते बहुधा डीएपीच करतात, त्यात गैर काही नाही. फक्त दारात कुरियरवाला उभा राहिल्यावर 'ड्युटी तर भरलीय ना?' हा संवाद नको. पार्सल अडकलं तर ठरावीक मुदतीनंतर साठवणुकीचं भाडं चढायला लागतं, म्हणून ओळखपत्र, पैसे भरल्याची पावती आणि जाहिरातीचं पान आधीच जवळ काढून ठेवा.

लाकूडतोड्या

सगळे ड्युटीवर बोलताहेत, मला त्या 'रोझवुड' शब्दाची जास्त काळजी वाटतेय. वाद्यदुरुस्ती करतो म्हणून सांगतो, आधी हे मिटवा, पैशाचं मग.

रोझवुड म्हणजे डालबर्जिया वंशातली बरीच झाडं. त्यातलं ब्राझिलियन रोझवुड, म्हणजे डालबर्जिया नायग्रा, १९९२ पासून सायटीस, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. हत्तीच्या दाताला जो कडकपणा, तोच याला. असं वाद्य सीमेपार न्यायचं तर लाकूड यादीत येण्याआधीचं असल्याचा अधिकृत दाखला लागतो, आणि तो विक्रेत्याच्या देशातल्या सायटीस कार्यालयाने द्यायचा असतो. विक्रेत्याने कागदावर सही करून दिलेलं चालत नाही. आयात करणाऱ्या देशाच्याही स्वतःच्या अटी असू शकतात.

बाकीचं सगळं डालबर्जिया, त्यात आपली शिसवीही आली, जानेवारी २०१७ मध्ये दुसऱ्या परिशिष्टात गेलं. तेव्हा जवळजवळ तीन वर्षं वाद्यवाल्यांची पार दैना झाली. क्लॅरिनेट आणि ओबोसुद्धा त्यात सापडले, कारण त्यांचं काळं लाकूड, ग्रेनाडिला, हेही डालबर्जियाच. मग २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यं, त्यांचे तयार भाग आणि अॅक्सेसरीज यांना सूट मिळाली. ही सूट ब्राझिलियनला नाही.

त्यामुळे तुमच्या गिटारचं लाकूड कुठलं यावर पुढचं सगळं अवलंबून. १९७०च्या दशकातली आहे ही जमेची बाजू, कारण साठच्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलमधून ओंडके मिळणं अवघड झालं आणि बरेच कारागीर भारतीय शिसवीकडे वळले. अमेरिकेतल्या मार्टिन या गिटार कंपनीने १९६९ च्या सुमारास तेच केलं. पण हाताने काम करणाऱ्या कारागिरांकडे जुना साठा असायचा, तेव्हा नुसत्या सालावर जाऊ नका. फोटोवरून मी सांगणार नाही आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. विक्रेत्याला तीन गोष्टी मागा: ध्वनिछिद्रातून आत दिसणाऱ्या लेबलाचा स्पष्ट फोटो, मूळ बिल किंवा कारागिराचं पत्र असेल तर ते, आणि नट, सॅडल, म्हणजे तारा दोन टोकांना टेकतात त्या पट्ट्या, कशाचे आहेत. जुन्या वाद्यांत तिथे हस्तिदंत निघतं. छोटासा तुकडा असतो, पण कायद्याला त्याचा आकार दिसत नाही. कुठे कासवाच्या पाठीची नक्षी असेल तर तीच गत. हाडाचा नट असेल तर निर्धास्त.

गमभन_ग

'भेटवस्तू'बद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. अजिबात नको.

नैतिक बाजू क्षणभर बाजूला ठेवा. खोक्यावर किंमत १०० लिहिली आणि वाटेत गिटारची मान मोडली, तर विमा १०० चाच मिळणार. खोटं घोषणापत्र दिलंय म्हटल्यावर तेही नाकारतील. पैसे तुम्ही हजाराचे पाठवलेत हे बँकेच्या नोंदीत आहेच, जाहिरातही कस्टम्सच्या माणसाला दोन मिनिटांत सापडते. मग दंड, नाहीतर जप्ती, आणि आयातदार म्हणून नाव तुमचं, त्याचं नाही. ज्या देशांत भेटवस्तूला सूट आहे तिथेही ती छोट्या रकमेपुरती असते आणि खरेदी केलेली वस्तू भेट ठरत नाहीच.

आणि जो माणूस आपणहून असं सुचवतो, त्याने लाकडाबद्दल काय सांगितलंय ते जरा ताडूनच घ्यावं.

मंद्रसप्तक

एक भर. ड्युटीचा दर वस्तू कुठून निघाली यावर नाही, कुठे बनली यावर ठरतो. स्पेनमध्ये बनलेली गिटार जपानमधल्या माणसाने विकली तर ती स्पेनचीच. तुमच्या देशाचा जपानशी व्यापार करार असला तरी त्याचा फायदा तिला नाही. आणि ज्या देशाशी करार आहे तिथेच बनली असेल तरी बहुधा मूळदेशाचा पुरावा लागतो, थेट पाठवणीची अटही असते. पन्नास वर्षं जुन्या वाद्याचा असा पुरावा खासगी माणूस कुठून आणणार? हिशेब सरळ पूर्ण दराने करा.

वापरलेली आहे म्हणून ड्युटी माफ होत नाही, फक्त मूल्य कमी धरलं जातं, तेही खरी किंमत कमी असेल तर. शंभर वर्षांहून जुनं वाद्य पुराणवस्तू म्हणून ९७०६ मध्ये जाऊ शकतं आणि बऱ्याच देशांत त्याला ड्युटी नसते किंवा कमी असते. तुमची गिटार त्यात बसत नाही, पण जुनं व्हायोलिन घेणाऱ्यांनी वयाचा दाखला जरूर मिळवावा.

आरोही_अवरोही

हाच प्रश्न विचारणारे जुने धागे वाचून हिशेब करू नका एवढंच सांगायला आले. 'अमुक रकमेच्या आत काही लागत नाही' हे त्यातलं वाक्य आता बऱ्याच ठिकाणी खोटं आहे. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतची व्हॅटमाफी १ जुलै २०२१ ला बंद केली. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल बिनड्युटीचं यायचं, ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांच्या मालाला थांबवली. दरही गेल्या काही काळात इतके हलले आहेत की पैसे पाठवायच्या दिवशी पुन्हा एकदा बघायचे.

आणि माझा एक प्रश्न घुसवते. माझी सतार दुरुस्तीला परदेशातल्या कारागिराकडे पाठवायची आहे. परत येताना पुन्हा ड्युटी?

पार्सलपुराण

@आरोही, कागद नीट असतील तर पूर्ण किमतीवर लागू नये. बऱ्याच देशांत दुरुस्तीला पाठवून परत आणलेल्या वस्तूला सवलत असते आणि आकारणी दुरुस्तीच्या खर्चावर होते, कुठे त्यात जाण्यायेण्याचं भाडंही धरतात. पण मेख अशी की हे पाठवताना नोंदवावं लागतं. तीच सतार परत आली हे तुम्हाला सिद्ध करायचं असतं, आणि सतारीवर अनुक्रमांक नसतो. म्हणून तबलीवरची नक्षी, भोपळ्यावरचा एखादा डाग किंवा जुना सांधा असे ओळखीचे फोटो निर्यातीच्या कागदांना जोडा. घोडी बारशिंगाच्या शिंगाची असेल तर तिचीही हस्तिदंतासारखीच गत, ती पाठवूच नका, काढून ठेवा.

कार्यक्रमासाठी वाद्य तात्पुरतं नेणाऱ्यांना 'एटीए कार्नेट' हा कागद मिळतो, ड्युटी न भरता नेता-आणता येतं. पण दोन्ही देश त्या व्यवस्थेत हवेत, आणि तारण ठेवावं लागतं. दर सीमेवर शिक्का मारून घ्यायला विसरायचं नाही, नाहीतर तारण अडकतं.

सुटी_तार

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

विक्रेत्याला सगळं विचारलं. 'भेटवस्तू' नको म्हटल्यावर जरा घुटमळला, पण खरी किंमत लिहायला तयार झाला. लेबलाचा फोटो आणि कारागिराचं मूळ बिल आलंय, त्यात 'भारतीय रोझवुड' असं स्पष्ट आहे. नट-सॅडल हाडाचे, बदललेले आहेत आणि त्याचं दुरुस्तीचं बिलही आहे. मापं मिळाली, टपालाच्या मर्यादेत बसतंय, थोडक्यात.

खांबसाहेबांच्या रीतीने मांडलं तर आकडा माझ्या काठाच्या थोडा पलीकडे जातोय. विक्रेता म्हणतो, कडक केस न देता जाड फोम आणि पुठ्ठ्यात पाठवतो, खोकं लहान होईल आणि भाडं कमी लागेल. केसवर वेगळी ड्युटी लागत असेल तर तीही वाचेल का?

लाकूडतोड्या

बिल बघून बरं वाटलं. ते कागद गिटारसोबतच राहू देत, पुढे विकताना तुम्हालाही लागतील.

केस काढू नका. पन्नास वर्षांच्या गिटारची मान हेडस्टॉकपाशी, म्हणजे खुंट्यांच्या डोक्यापाशी मोडते, आणि मोडते ती बहुतेक प्रवासातच. तारा दोन-तीन स्वर उतरवायला सांगा आणि केसच्या आत हेडस्टॉकखाली पॅडिंग घालायला सांगा.

खर्जातला_खांब

वाद्याच्या मापाची केस वाद्यासोबतच आली तर ती वाद्याच्याच कोडमध्ये जाते, वर्गीकरणाचा सर्वसाधारण नियमच तसा आहे. तेव्हा वेगळा दर असा नाही, मूल्यात काय भर पडेल तेवढीच. किंमत थोडी उतरवायला सांगून बघा की, घासाघीस अजून केलेलीच दिसत नाही तुम्ही.